निर्व्यसन मंडळाच्या गाडीचं दार

“दार लागलंय मॅडम, तुमीच बगा. आन् ही म्हनती उघडं हाय,” स्टिअरिंगवर बसल्या बसल्या बजरंग घाडगे डॅशबोर्डकडे बोट दाखवत म्हणाला.

मी खिडकीतून डोकावले. डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नव्हता. संदेशाची पट्टी कोरी होती.

“कुठे म्हणते?”

“आत्ता म्हनत हुती. तुमी आलासा न् गप बसली.”

ही त्या गाडीची जुनीच खोड. सांगलीच्या ज्या सर्व्हिस सेंटरात मी तेव्हा इलेक्ट्रिकलचं काम बघत होते, तिथे ती तिसऱ्यांदा आली होती. रस्त्यावर असली की नुसता कहर. दार उघडं आहे, ब्रेक तपासा, स्टिअरिंग तपासा, एअरबॅग तपासा. आणि आमच्या फाटकातून आत शिरली की तोंडातून शब्द नाही. पहिल्या वेळी आमच्या लोकांनी बॅटरी बदलली, दुसऱ्या वेळी दाराचं कुलूप बदललं. दोन्ही वेळा थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

गाडी कै. रावजी देवकर निर्व्यसन मंडळाची. पांढरी, नवीकोरी व्हॅन, डाव्या अंगाला सरकतं दार. त्या दारावर ठळक अक्षरांत ‘तंबाखू म्हणजे मरण’ आणि त्याखाली कॅन्सरनं खाल्लेल्या जबड्याचं रंगीत चित्र, हिरड्या, दात, सगळं अगदी तपशिलात. ती गाडी आली की चहा पीत बसलेली गिऱ्हाइकं कप घेऊन पलीकडच्या बाकावर जात. मंडळ विट्याचं. अध्यक्ष आबासाहेब देवकर, महिला विभागाच्या प्रमुख त्यांच्या पत्नी माईसाहेब. दोघं गावोगाव फिरून शाळांत आणि मेळाव्यांत व्यसनाविरुद्ध भाषणं देत, आणि बजरंग त्यांचा ड्रायव्हर.

आमचे मॅनेजर कोठावळे मला बाजूला घेऊन गेले.

“पद्मजा, यावेळी सोक्षमोक्ष लाव. आबासाहेब दुपारी स्वतः येतायत. परवा एका शाळेच्या पटांगणात गाडी सुरूच झाली नाही. पाहुण्यांसमोर पोरांनी धक्का मारला. त्यांचं म्हणणं, दोष गाडीत नाही, ड्रायव्हरमध्ये आहे. रात्री आतले दिवे लावून गाडीत पीत बसतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. तसं असेल तर तसं स्पष्ट सांग. त्याला घरी पाठवायचं त्यांनी ठरवूनच टाकलंय.”

“आणि गाडीत दोष निघाला तर?”

“दोनदा बघितली की आपण.”

“बघितली कुठे? सुटे भाग बदलले नुसते.”

कोठावळ्यांना माझं बोलणं आवडलं नाही. ते त्यांना एरवीही आवडत नसे. मी स्कॅनर उचलला आणि गाडीकडे गेले.

बजरंग दाराशी उभा होता. पस्तिशीचा, उंच, खांद्यात वाकलेला. बोलताना त्याचं तोंड अर्धवटच उघडायचं, त्यामुळे शब्द दातांच्या मागे अडकल्यासारखे बाहेर पडत. मी त्याला सरळ विचारलं, “रात्री गाडीत पितोस?”

त्यानं मान हलवली. मग दोन बोटं ओठांशी नेली. ती आत गेली नाहीत.

“गुटख्यानं तोंड आसं झालं बगा. दारू तर इतकी प्यायचो, की बायकू पोरीला घिऊन म्हायेरी गेली. माईंनी मला उचलून शिबिरात घातलं, मंडळात ठिवलं, ही गाडी हातात दिली. तवापास्नं दारू न्हाई, पुडी न्हाई. सासरा म्हनतो, आबासाहेबांनी सांगितलं तरच लेक पाठवीन. येत्या सोमवारी आबासाहेब त्यास्नी शबूद देनार हुते.” तो गाडीकडे बघू लागला. “आन् ह्या गाडीनं ह्यो खेळ मांडला. आता ते म्हनत्यात, तू परत सुरू केलंस.”

म्हणजे त्याची नोकरी आणि त्याचा संसार, दोन्ही या दाराला टांगलेली होती. मला एरवी गिऱ्हाइकांच्या घरच्या गोष्टी ऐकायला जिवावर येतं, पण हे ऐकल्यावर मी स्कॅनर खाली ठेवला.

“हे बघ, अधूनमधून येणारा बिघाड मशीनला सापडत नाही. माणसाकडून काढून घ्यावा लागतो. कधी होतं हे? पावसात? खड्ड्यांतून? गाडी तापल्यावर?”

“तसं न्हाई.” त्यानं विचार केला. “पोरांच्या शाळंत जाऊन आलं तर हुत न्हाई. बायकांच्या मेळाव्याला जाऊन आलं, की दुसऱ्या दिवशी...” आणि तो एकदम थांबला.

“बायकांच्या मेळाव्याला? का, बायका दार आपटतात?”

“तसंच आसंल,” तो म्हणाला आणि टायरकडे बघत राहिला. काहीतरी तोंडाशी आलेलं त्यानं गिळलं हे मला कळलं, पण काय ते कळलं नाही.

सकाळभर मी त्या गाडीच्या मागे लागले. बायपासवरून चक्कर मारली, मुद्दाम खड्ड्यांतून नेली, दार हात दुखेपर्यंत उघडलं नि लावलं, पाइपनं पाणी मारलं. गाडी ढिम्म. दार लावलं की लागलं, उघडलं की उघडलं. त्या गाडीच्या सरकत्या दाराच्या पुढच्या कडेला पितळी पिना असतात, आणि दार ज्या खांबाला येऊन मिळतं त्या खांबावर त्यांच्यासाठी पट्ट्या. पिना पट्ट्यांना टेकल्या की गाडीला कळतं, दार लागलं. नाही टेकल्या तर ती आतले दिवे चालूच ठेवते. मी दार पूर्ण सरकवून खांब पाहिला. पट्ट्या स्वच्छ, खांब चकचकीत.

तो चकचकीतपणाच मला खटकला. बाकी गाडीवर विट्यापासून सांगलीपर्यंतची धूळ होती. पायरीवर चिखल होता. आणि हा वीतभर तुकडा तेवढा काचेसारखा. गाडीची एवढीच जागा कोण कशाला पुसेल?

मी स्क्रू काढले आणि खांबावरचं प्लास्टिकचं झाकण उचकटलं.

आत जे होतं त्याला मी आजपर्यंत नीट शब्द दिलेला नाही. काळा, चिकट राडा. वरून खाली ओघळत गेलेला, सुकलेला, पुन्हा ओला झालेला. पट्ट्यांच्या मागे वायरींचा जोड असतो, तो पुरता त्यात बुडाला होता. तांब्यावर हिरवी बुरशी चढली होती. आणि वास! उन्हात राहिलेल्या तोंडाचा वास. माझी बोटं त्याला लागली. मी पळत नळावर गेले, साबणानं हात घासले, पुन्हा घासले, तरी ते बोट माझं वाटेना.

थुंकी होती ती. कितीतरी महिन्यांची थुंकी.

“बजरंग!” मी नळावरूनच ओरडले. “माणूस आहेस की कोण? गाडीत थुंकतोस?”

तो पळत आला. झाकण उघडं पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

“मी न्हाई मॅडम. आईची आन. मी पुसतो फकस्त.”

“कशानं पुसतोस?”

“वल्या फडक्यानं. दर येळंला, सांजच्याला.”

“अरे देवा! वरचं पुसलंस आणि पाण्याबरोबर सगळं आत सोडलंस. म्हणूनच बाहेरून काही दिसत नव्हतं. थुंकी ओली असली की वीज भलतीकडे जाते, सुकली की नीट चालते. संध्याकाळी ओलं पुसतोस, म्हणून बिघाड दुसऱ्या दिवशी. गाडीला वाटतं दार उघडं, रात्रभर आतले दिवे जळतात, सकाळी बॅटरी उतरते, आणि बॅटरी उतरली की ही ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्यांच्या नावानं शंख करते. पण कुणाची थुंकी पुसतोस तू?”

तो खाली बसून सुटे स्क्रू गोळा करू लागला.

तेवढ्यात कोठावळे नाकाला रुमाल लावून आले. त्यांनी दुरूनच पाहिलं. “गुटखा! संपला विषय. मी आबासाहेबांना फोन करतो.”

“थांबा,” मी म्हणाले.

मी पांढऱ्या कापसावर स्पिरिट घेतलं, शिसारी गिळली आणि तो राडा टिपला. गुटख्याचा डाग लाल उतरतो. आमच्या जिन्याचे कोपरे बघून बघून मला तो पाठ आहे. हा काळा होता. त्यात बारीक काळे कण होते आणि त्यांना करपलेला वास येत होता. तो वास मला ठाऊक होता. माझी शिरढोणची आत्या तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि डबीत भरून कमरेला लावायची. आम्ही पोरं खोकून खोकून रस्त्यावर पळायचो.

“गुटखा नाही हा. मिश्री आहे.”

कोठावळ्यांना त्याचं काही नव्हतं. ते फोनकडे गेले. पण बजरंगनं माझ्यापुढे हात जोडले.

“मॅडम, पाया पडतो तुमच्या. थुंकी म्हना, घान म्हना. मिश्री तेवढं म्हनू नका.”

“का? त्यानं तूच सुटतोस ना? तू पीत नव्हतास, खात नव्हतास, दिवे गाडीनंच जाळले. मी सांगते ना आबासाहेबांना.”

मला त्याच्या चेहऱ्यावर आनंद बघायचा होता आणि तिथे भीती होती. मी चिडून कामाला लागले. जोड सोडवला, धुतला, हवेनं सुकवला, पट्ट्या घासून काढल्या, सगळं परत बसवलं. स्कॅनरवर एकही तक्रार उरली नाही.

दुपारी मंडळाच्या दुसऱ्या गाडीतून आबासाहेब आणि माईसाहेब उतरले. आबासाहेबांचे कपडे इतके पांढरे की डोळे दिपावेत. माईसाहेब साठीच्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी आल्या आल्या बजरंगच्या पाठीवर हात ठेवला.

“जेवलास का रं?”

“व्हय माई.”

“खोटं बोलतोस. तोंड बग कसं सुकलंय.” त्यांनी पिशवीतून केळी काढून त्याच्या हातात दिली. ती माया खोटी नव्हती, हे मी आजही सांगेन. मग ऊन लागतं म्हणून त्या व्हॅनमध्ये चढल्या आणि दाराजवळच्या सीटवर बसल्या. बसण्याच्या सवयीवरूनच कळत होतं की ती त्यांची जागा आहे.

मी गाडीच्या पुढच्या खिडकीशी आबासाहेबांना उभं केलं, चावी फिरवली आणि कोरी पट्टी दाखवली. कोठावळे शेजारी. मी सगळं समजावलं. पिना, पट्ट्या, ओल, रात्रभर जळणारे दिवे. बजरंग गाडीत पीत नव्हता, हे दोनदा सांगितलं.

आबासाहेबांनी डोळे मिटून ऐकलं. “म्हणजे थुंकी.”

“हो.”

“म्हणजे गुटखा. बजरंग, इकडे ये.”

“आबासाहेब, ड्रायव्हर उजवीकडे बसतो. तो थुंकायला उठून डाव्या दाराशी जाईल का? आणि हा गुटखाही नाही. ही...”

माझं वाक्य तोंडातच राहिलं. मागचं दार खर्रकन सरकलं. पुरतं नाही, चार बोटं. त्या फटीशी माईसाहेबांचा चेहरा आला, ओठ पुढे झाले आणि ‘पचक्’ असा आवाज झाला. काळी पिचकारी थोडी खाली फरशीवर आणि बरीचशी खांबावर, मी नुकत्याच धुतलेल्या त्या पट्ट्यांवर. दार लागलं. पदराचं टोक ओठांवरून फिरलं.

डॅशबोर्ड किणकिणला. संदेश आला, ‘दार उघडे आहे.’

दार लागलेलं होतं. संदेश जाईना. बाहेरून बघणाऱ्याला दारावरचा तो कॅन्सरचा जबडा दिसत होता आणि त्याच्या कडेनं काळा ओघळ चालला होता.

आता कुठे मला उमगलं. खिडकी उघडून बाहेर तोंड काढायचं, तर मंडळाच्या गाडीतून थुंकताना चारचौघांत दिसायचं. म्हणून बाईंनी ही सोय काढली होती. गाडी कुठे थांबली, की दार चार बोटं सरकवायचं. बायकांच्या मेळाव्यालाच त्या गाडीत असायच्या, पोरांच्या शाळेत आबासाहेब एकटे जायचे.

“आबासाहेब,” मी म्हणाले, “हा तुमच्या गाडीचा दोष. आत्ता सगळ्यांसमोर झाला.”

आबासाहेबांनी पट्टीवरचा संदेश वाचला. ओघळ पाहिला. मग चष्मा काढून पुसला.

“ती मिश्री आहे,” ते शांतपणे म्हणाले.

“तेच सांगत होते. तंबाखूच ना ती?”

“मॅडम, तुमचा गैरसमज होतोय. मिश्री हे दंतमंजन आहे. आमच्या आया-बहिणी पिढ्यान्पिढ्या दात घासत आल्या. व्यसन वेगळं. विडी, सिगारेट, गुटखा, दारू. मी तीस वर्षं या विषयावर बोलतोय.”

“दात घासायचे तर सकाळी घासावेत. भर दुपारी गाडीत कशाला?”

आतून माईसाहेबच बोलल्या. त्यांना राग आलेला नव्हता. “सकाळधरनं लावली न्हवती गं बाई. कसंतरीच व्हाया लागलं. मस्तक गरगराय लागलं.”

“गुटखा खाणारेसुद्धा हेच सांगतात, माई.”

त्या हसल्या. लहान मुलानं काहीतरी वेडंवाकडं विचारल्यावर हसतात तशा. कोठावळ्यांनी मला मागून कोपरखळी मारली. बाकावरची दोन गिऱ्हाइकं उठून जवळ आली होती. आबासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आवाज थोडा चढवला आणि भाषणातला सूर लावला.

“मिश्री ही साधी पाण्यासारखी. तिनं वायरी जळत नाहीत. गुटख्यात रसायनं असतात, तांब्याला खाणारी. गाडीत आधीपासून गुटखा साचलेला आहे, त्यामुळेच हे सगळं झालं. उगाच बाईमाणसाचं नाव घेऊ नका.”

“मी हातानं धुतलंय ते! गुटख्याचा कणसुद्धा नव्हता त्यात!”

“तुम्ही मशीनचं बघा. माणसांचं आम्हाला कळतं.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. एवढं धडधडीत दिसलेलं माणूस असं नाकारू शकतो? मी बजरंगकडे वळले. “तू सांग. कुणाची थुंकी पुसत होतास? सांग की!”

बजरंगच्या हातात ती केळी होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो माईसाहेबांकडे बघत होता. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. ‘माझीच हाय ती’ एवढंच. मला अजूनही वाटतं, त्यांनी तो उच्चारला असता तर काही बिघडलं नसतं. आबासाहेब हसले असते, आम्ही एक झाकण बसवलं असतं, सोमवारी त्याची बायको घरी आली असती.

माईसाहेब गाडीतून खाली उतरल्या. त्याच्याजवळ गेल्या. पुन्हा पाठीवर हात ठेवला.

“बजरंगा, कवा चुकून खाल्ली आसशील पुडी, तर सांग बाबा. लेकरू चुकतंय. मी पोटात घालते.”

मला वाटलं, हा आता बोलणार. केळी त्यानं बॉनेटवर ठेवली आणि तो वाकला. सगळ्यांसमोर, वर्कशॉपच्या तेलकट फरशीवर, माईसाहेबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“चुकलं माई.”

“ऊठ. ऊठ बाळा.”

गिऱ्हाइकांतला एक जण ‘वा’ म्हणाला. खरंच म्हणाला. आबासाहेबांनी बजरंगला खांद्याला धरून उठवलं. “कबूल करायला हिंमत लागते. कामावरून मी तुला काढत नाही. पण सासऱ्यांना मी खोटा शब्द देणार नाही. त्यांना म्हणावं लागेल, आणखी एक वर्ष थांबा.”

“व्हय आबासाहेब,” बजरंग म्हणाला.

मी हातातला कापूस तिथेच फेकला आणि नळावर गेले. माझ्या हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी धूत राहिले. कोठावळे मागून येऊन म्हणाले, तुला काय पडलं होतं, गाडी दुरुस्त करायची नि द्यायची. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पट्ट्या पुन्हा धुतल्या. त्यांवर रबरी पडदा बसवला, थुंकलं तरी आत जाणार नाही असा. गाडी गेली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नंतर मी नोकरीही बदलली. घाणीत हात घालणं तर माझ्या रोजच्या कामातच होतं, थुंकीची ती किळस संध्याकाळपर्यंत गेली असती. पण तो वाकलेला माणूस आणि ते ‘पोटात घालते’ डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यातल्या रविवारी मी स्कूटर काढली आणि विट्याला गेले.

बजरंगची बायको सगुणा एका यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायचं काम करते, एवढं तो सकाळी गाडीची वाट बघताना बोलून गेला होता. दोन शेड चुकले, तिसऱ्यात ती सापडली. जेवणाची सुट्टी होती, तरी शेजारच्या शेडमधले माग खडखडतच होते. बाहेर भिंतीच्या सावलीत ती भाकरीचं फडकं सोडून बसली होती. केसांत कापसाचे तंतू. मी कोण ते सांगितलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काही ठेवलं नाही.

“म्हंजी खाल्लाच न्हाई त्यांनी?” तिनं विचारलं.

“नाही. मी स्वतः धुतलंय.”

“माईंची मिश्री समद्या गावाला ठावं हाय. आबासाहेबास्नी तेवढी दिसत न्हाई.” ती हसली. छान हसली. मला हलकं वाटलं.

“मग झालं तर. वडिलांना सांग आणि सोमवारी जा घरी.”

“आन् हे काय म्हनले तवा?”

“कधी?”

“माई म्हनली पोटात घालते, तवा.”

“चुकलं म्हणाला.”

“पाया पडले?”

“हो.”

“समद्यांम्होरं?”

मी मान हलवली. तिनं हातातला घास भाकरीवर परत ठेवला. तिच्या तोंडावर जे आलं, ते मला ओळखीचं होतं. नळावर हात धुताना माझं तोंड तसंच झालं असणार.

“दारू प्यायचे तवा मी मार खाल्लाय त्यांचा,” ती म्हणाली. “पर तवासुदिक न केल्याल्याला हो म्हनत न्हवते. एकदा मुकादमानं सुताची चोरी अंगावर घातली, तर भर शेडात त्याच्या कानाखाली काढली. काम गेलं, चार दिस चूल पेटली न्हाई, पर मला बरं वाटलं हुतं. मी त्या मानसाकडं परत जायाचं म्हनत हुते. ह्यो कोन हाय?”

मी म्हणाले, “त्याचं काम वाचलं ना पण.”

“कसलं काम? दुसऱ्याची थुकी पुसायचं?” तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, चूळ भरली आणि बाजूच्या मातीत टाकली. “माझ्या बाला इचारायची मला गरज न्हाई. त्यास्नी सांगा, ती गाडी सोडा. आज सोडली तर उद्या पोरीला घिऊन येते. मागाचा माल न्यायला टेंपोवाले ड्रायवर हुडकत फिरत्यात हितं. उपाशी मरायचो न्हाई आपन.”

मी तशीच मंडळाच्या आवारात गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाला काही चांगलं सांगायला निघाले होते. बजरंग व्हॅन धूत होता. दारावरचा तो जबडा त्यानं घासून लखलखीत केला होता. मला पाहून त्यानं पाइप खाली टाकला.

“मॅडम! गाडी झ्याक चाललीय. एकदाबी कुरकुरली न्हाई.”

“गाडीचं सोड. मी सगुणाला भेटले.”

तो ओल्या हातांनी तसाच उभा राहिला.

“तिला सगळं सांगितलं. तू खाल्ला नाहीस, तिला पटलंय. सासऱ्याचाही प्रश्न नाही. ती उद्या पोरीला घेऊन येते म्हणाली.”

“उद्या?” त्याचा चेहरा असा उजळला, की ते मोडलेलं तोंडही मला पुरतं उघडल्यासारखं वाटलं. “उद्या येती म्हनली? पोरीला घिऊन?”

“हो. एकच अट आहे. ही गाडी सोड. आजच. टेंपोवाल्यांकडे काम आहे, तिनं सांगितलंय.”

पाइपातून पाणी वाहत होतं. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वरच्या मजल्यावर देवकरांचं घर होतं. तिथली खिडकी उघडी होती आणि आत कुणीतरी तव्यावर तंबाखू भाजत होतं.

“तिचं बरूबर हाय,” बजरंग म्हणाला. “टेंपो काय वंगाळ न्हाई.” त्यानं हात पँटला पुसले, केस नीट केले. “हितंच थांबा मॅडम, जाऊ नगा. माईस्नी इचारून येतो.”